माणसात चार डिग्री कमी

डोमाजी बोरकुट्यांना दसऱ्याला मिठी मारायची नसते, हे मला पळसबोडीत कुणी सांगितलंच नव्हतं.

मी गावात नवा मास्तर. वर्धेकडून बदली होऊन धानोऱ्याच्या जंगलातल्या या गावी येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. दसऱ्याच्या संध्याकाळी सगळं गाव आपट्याची पानं घेऊन रस्त्यावर उतरलं होतं आणि जो तो ज्याच्या त्याच्या गळ्यात पडत होता. एवढ्यात समोरून काळ्या कोटातले एक गृहस्थ आले. उजवा हात पोटावर, चाल तिरपी आणि चेहऱ्यावर भरलेली घागर नेणाऱ्या माणसाची काळजी. मी त्यांच्या हातावर पान ठेवलं आणि रीतीप्रमाणे दोन्ही हात पसरून पुढे झालो. माझं पोट कशावर तरी टणकन आपटलं.

"अवो हळू मास्तर, हळू!" ते किंचाळले. "पोटाशी पावने हायेत!"

मी दोन पावलं मागे सरलो. आजूबाजूच्या एकाही माणसाला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. ते सगळे त्यांच्या हातावर लांबूनच पान ठेवत होते, हात जोडत होते आणि पुढे जात होते. गृहस्थांनी कोटाची दोन बटणं सोडली, आत डोकावून पाहिलं आणि "जिते हायेत" असं म्हणून सुटकेचा श्वास टाकला. मग मला दसऱ्याच्या शुभेच्छा दिल्या.

बोरकुटे म्हणजे आमच्या गावच्या ढोरांच्या दवाखान्याचे कंपौंडर. ही एकोणीसशे पन्नासच्या दशकातली गोष्ट. तेव्हा गडचिरोली हा वेगळा जिल्हा नव्हता आणि वीज म्हटली की आम्हाला फक्त पावसाळ्यात कडाडणारी माहीत होती. दवाखान्याला डॉक्टर होते, पण ते दूर शहरात राहत. महिन्यातून एकदा जीपने येत, सह्या करत आणि उजेड आहे तोवर परत निघत. उरलेले एकोणतीस दिवस बोरकुटेच डॉक्टर, बोरकुटेच चपराशी आणि बैल आडवा पाडायचा असला तर बोरकुटेच पैलवान. वय पंचेचाळिशीचं. लग्न केलेलं नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ, अंगात बारा महिने काळा कोट, आणि सदऱ्याच्या आत उघड्या पोटाला जुन्या धोतराच्या पट्टीने बांधलेली रुंद तोंडाची एक बाटली.

बाटली म्हटल्यावर आमच्या भागात माणसाचं डोकं दुसरीकडे जातच नाही. मोहाची झाडं गावाला वेढा घालून उभी होती. पहिल्या वर्षी जंगलाच्या नाक्यावरच्या नाकेदाराने बोरकुट्यांना अडवून बाटली काढायला लावली आणि बूच उघडून मोठ्या आशेने वास घेतला, असं म्हणतात. तो नाकेदार नंतर दोन दिवस जेवला नाही. तेव्हापासून नाक्यावर बोरकुट्यांची झडती बंद झाली.

मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात माफी मागायला गेलो. माफी राहिली बाजूला, त्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि बाटली उजेडात धरली. पिवळट पाण्यात करड्या रंगाची पाच-सहा पानं पडली होती, बोटाच्या पेराएवढी. मी म्हणालो, "कसली पानं ही?" एवढ्यात एक पान आखडलं आणि पुन्हा लांब झालं.

"बकरीच्या कलेजीतले किडे," ते म्हणाले. "आज सहावा दिवस. पाहा ना, काय मस्त हालून राह्यले!"

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. तलावाच्या काठचं ओलं गवत खाताना हे किडे जनावराच्या पोटात जातात आणि कलेजीत बिऱ्हाड करतात. जनावर आतून वाळत जातं, गळ्याखाली पाण्याची थैली लोंबायला लागते, आणि एके दिवशी बसलेलं ढोर उठत नाही. धानाच्या मुलखात तलाव सोडून गवत कुठलं? त्यामुळे गावातली अर्धी ढोरं या पाहुण्यांना पोटात घेऊनच हिंडत असतात.

"मग हे मारायचे की सांभाळायचे?" मी विचारलं.

"मारासाठीच त सांभाळून राह्यलो ना, मास्तर." या माणसाला मास्तर कुणी केलं, असा त्यांचा चेहरा झाला. "असं पाहा. किड्यावर औषध टाकलं आन् किडा मेला. कायनं मेला? औषधानं, का थंडीनं, का उपाशी? तो सांगनार हाये का? म्हनून पह्यले त्याले बिनऔषधाचं जगवता आलं पाह्यजे. जो आपल्या घरी आठ-दहा दिवस खुशाल जगते, त्यालेच मारून पाहन्यात मतलब हाये."

यजमानाची ही तऱ्हा मी पूर्वी ऐकली नव्हती. पण चूक काढायला जागा नव्हती. सातवीला विज्ञान मीच शिकवत होतो आणि इतकं विज्ञान मला स्वतःला कुणी शिकवलं नव्हतं.

पाहुण्यांचं खाणंपिणं फार नव्हतं. उकळून निवलेलं मिठाचं पाणी, त्यात चिमूटभर ग्लुकोज आणि बकरीच्या रक्तावर जमणारी निवळ चार थेंब. पाणी रोज बदलायचं आणि बाटली रोज उकळायची. बोरकुट्यांच्या स्वतःच्या जेवणाच्या ताटलीचे इतके लाड होत नसत. अडचण होती ती उबेची. बकरीच्या पोटात जेवढी ऊब, तेवढी बाहेर हवी, रात्रंदिवस आणि एकसारखी. शहरातल्या प्रयोगशाळेत त्यासाठी विजेचं कपाट असतं म्हणे. बोरकुट्यांकडे शेगडी होती. पहिली बाटली त्यांनी शेगडीजवळ ठेवली, तर पाहुणे शिजले. दुसरी गरम कोंड्याच्या टोपल्यात पुरली, ते पाहुणे पहाटे गारठून गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी शेजारणीच्या खुडूक बसलेल्या कोंबडीखाली बाटली सरकवली. तीन दिवस उत्तम गेले. चौथ्या दिवशी कोंबडीने ते नासकं अंडं आहे असं ठरवून बाटली खुराड्याबाहेर ढकलून दिली. कोंबडीची अक्कल ते अजून नावाजत असत.

"मंग म्हटलं, जाऊ दे," ते म्हणाले. "आपलंच पोट काऊन नाई?"

पोट आपलंच असलं तरी त्यात एक उणीव होती आणि ती बोरकुट्यांच्या मनाला फार लागली होती. बकरीच्या अंगात एकशेदोन डिग्रीच्या वर ऊब असते. माणूस बिचारा अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. "माणसात चार डिग्री कमी हाये, मास्तर," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल याला गणती नाही. सुरुवातीला ते फक्त किड्यांविषयी बोलत असत. पुढे पुढे ते सगळ्यालाच लागू पडायला लागलं. ग्रामपंचायतीत भांडण झालं, की बोरकुटे कोपऱ्यातून म्हणत, "चार डिग्री कमी, दुसरं काय." एका घरी म्हाताऱ्या बापाला मुलगा वेगळं जेवू घालायचा, त्यावरही त्यांचं हेच निदान होतं. त्यांच्या लेखी बकरी हे प्राण्याचं भरलेलं माप होतं आणि माणूस हे थोडं सांडलेलं.

उबेचा आकडा कळायला थर्मामीटर हवा. दवाखान्याचा थर्मामीटर एका बैलाने आत घेतला होता आणि परत दिला नव्हता. आमच्या शाळेच्या कपाटात एक भिंग, बरणीतला एक विंचू आणि एक थर्मामीटर एवढी प्रयोगशाळा होती. तिच्यातला थर्मामीटर बोरकुटे दोन दिवसांसाठी घेऊन गेले. त्या वर्षी सातवीच्या मुलांना मी थर्मामीटर फळ्यावर काढून शिकवला.

उरलेल्या डिग्र्या भरून काढण्यासाठी त्यांनी काय करायचं ठेवलं होतं? मिरचीचा ठेचा दोन्ही वेळा. दुपारी दवाखान्याच्या भिंतीला टेकून उन्हात उभं राहायचं. थंड पाण्याने आंघोळ बंद. झोपायचं ते उताणं, दोन्ही हात पोटावर. विहिरीवरच्या बाया त्यांना पाहिलं की पदर तोंडाला लावत. एक दिवस एकीने धीर करून विचारलंच, "बोरकुटेभाऊ, कितवा महिना चालू राह्यला?"

बोरकुटे थांबले, हिशेब केला आणि गंभीरपणे म्हणाले, "नववा दिवस हाये, बाई."

त्या दिवशी विहिरीवर दोन घागरी फुटल्या.

शुक्रवारच्या बाजारातला संपत खाटीक तर त्यांना पाहून थरथर कापायचा. बोरकुटे कांदालसूणसुद्धा न खाणारे. पण बाजारात शिरले की पहिली धाव मटणाच्या दुकानावर. तिथे चार गिऱ्हाइकं उभी असताना ते मोठ्याने विचारत, "संपतभाऊ, किडकी कलेजी निंघाली का?" गिऱ्हाइकं आधी एकमेकांकडे बघत, मग मटणाकडे आणि मग भाजीबाजाराकडे चालू लागत. एकदा संपतने शपथेवर सांगितलं की आजची कलेजी चोख आहे. बोरकुट्यांचा चेहरा असा पडला की बघणाऱ्याला वाटावं, माणूस उपाशी परत चालला. शेवटी संपतने तोड काढली. सकाळीच किडकी कलेजी पळसाच्या पानात बांधून तो बाजाराच्या वेशीवर बोरकुट्यांची वाट पाहत उभा राही आणि पुडा हातात कोंबून म्हणे, "घे बाप्पा, पन दुकानावर येऊ नोको."

महिन्याच्या सहीला आलेल्या डॉक्टरसाहेबांच्या कानावर हे गेलंच. त्यांनी बाटली पाहायला मागितली, एक नजर टाकली आणि रुमाल नाकाला लावला.

"बोरकुटे, सरकारने तुम्हाला किडे मारायला नेमलंय, पाळायला नाही. फेकून द्या ते."

"हाव साहेब," म्हणून बोरकुटे दवाखान्यामागे गेले. पाणी फेकल्याचा आवाज आला. रिकामी बाटली घेऊन ते परत आले आणि साहेबांची जीप निघून गेली. मी म्हणालो, "फार वाईट झालं." त्यांनी कोटाचं बटण सोडून मला आत दाखवलं. पाहुणे जागच्या जागी होते. फेकलं ते दुसऱ्या बाटलीतलं बदलीचं पाणी होतं. "साहेबात बी कमी हाये," ते म्हणाले, "पन मानूस चांगला हाये."

इथपर्यंत मी त्यांना गावाप्रमाणेच एक निरुपद्रवी वेडा समजत होतो. सगळ्या गावांत एखादा असतो, आमच्याकडे शिकलेला होता एवढंच. मग एके दिवशी शाळा सुटल्यावर मी तलावाच्या पाळीवर फिरायला गेलो, तर बोरकुटे एका मोहाच्या झाडाआड उभे. समोर काठावर गिरजाबाई ढिवरीण जाळं वाळत घालत होती. नवरा मागेच वारलेला, मासे आणि थोडी मजुरी यावर दिवस काढणारी बाई. मला वाटलं, अरे वा! म्हणजे पोटावरच्या बाटलीशिवाय दुसरंही काही आहे तर. मी खाकरलो. ते दचकले नाहीत. गिरजाबाईकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते तिच्या मागे खुंट्याला बांधलेल्या वगारीकडे पाहत होते. वगार म्हणजे म्हशीची तरणी पारडी.

"गळ्याखाली पाहा," ते हळू आवाजात म्हणाले. "पानी उतरलं."

खरंच, वगारीच्या जबड्याखाली मुठीएवढी थैली लोंबत होती आणि बरगड्या मोजाव्यात अशा दिसत होत्या.

"मग तिला दवाखान्यात का आणत नाहीत? औषध आहे ना?"

"औषध हाये," बोरकुटे म्हणाले. मग कोटावरून बाटली चाचपली. "त्याच औषधानं तिच्या मायले म्या मारलं, मास्तर."

तीन वर्षांपूर्वी याच तलावाकाठी गिरजाबाईच्या म्हशीला हाच रोग झाला होता. बोरकुट्यांनी पुस्तकात लिहिलेलं माप घेतलं, बांबूच्या नळीने औषध घशात ओतलं आणि म्हैस दिवस मावळायच्या आत गेली. "पुस्तकात होतं तेवढंच देल्लं. थेंब जास्त नाई. पन पुस्तकातली म्हैस पोटभर खाल्लेली असते. गिरजाबाईची उपाशी होती. ते पुस्तकात नव्हतं, आन् माह्या डोक्यात बी नाई आलं." त्यांनी बाटलीवरचा हात काढला नाही. "बाई मले काई बोलली नाई. शिव्या देल्ल्या असत्या त बरं झालं असतं. तवापासून बोललीच नाई."

तेव्हा मला ती बाटली पहिल्यांदा कळली. किती कमी औषधात किडा मरतो, हे त्यांना शोधायचं होतं. आणि ते कुणाच्या दारातल्या जनावरावर नाही, तर आपल्या पोटाशी धरलेल्या बाटलीत. वगार दिवसेंदिवस खंगत होती. माप सापडायच्या आधी ती बसली, तर पुन्हा उठणार नव्हती. आणि माप सापडत नव्हतं, कारण अठ्ठ्याण्णव पॉइंट चारवर पाहुणे सातव्या-आठव्या दिवशी सुस्त पडायचे आणि नेमकं कशाने मेले ते सांगता यायचं नाही. चार डिग्री कमी पडत होत्या. या चार डिग्र्यांवर मी आजवर हसत आलो होतो.

आणि मग पौषात बोरकुट्यांना थंडीताप आला.

आमच्या मुलखात थंडीताप घरोघरी. पण तो आल्यावर आनंदाने ओरडलेला माणूस मी एकच पाहिला. शाळेच्या मधल्या सुटीत मी त्यांच्या खोलीवर गेलो, तर ते दोन घोंगड्यांखाली कुडकुडत होते, दात वाजत होते आणि डोळे चमकत होते. "मास्तर, थर्मामीटर पाहा!" मी पाहिला. एकशेदोनच्या वर पारा.

"बकरी झालो म्या!" ते म्हणाले. "बरोब्बर बकरी!"

पोटाला आता दोन बाटल्या होत्या. डावीकडे बिनऔषधाची, उजवीकडे औषधाची. उजवीत पुस्तकातल्या मापाच्या निम्मं. त्या दुपारी डावीकडचे पाहुणे असे वळवळत होते की जणू त्यांना आपलं गाव सापडलं होतं. उजवीकडचे संध्याकाळच्या आत थंड झाले. "निम्म्यात मरते," बोरकुटे म्हणाले. "आता पावात पाहू."

मी कुनैनच्या गोळ्या आणल्या. त्यांनी त्या उशीखाली ठेवल्या. "आता नाई. ताप गेला त चार डिग्री गेल्या. मंग सांगान तेवढ्या खातो." हा ताप एक दिवसाआड येणारा. मधल्या दिवशी अंग थंड, घाम आणि निराशा. तापाच्या दिवशी दुपार झाली की ते दाराकडे बघत पडून राहायचे आणि मला म्हणायचे, "आज उशीर करून राह्यला." कुणी आप्त गाडी चुकला असावा, असा तो स्वर असायचा.

दुसऱ्या तापात पाव मापानेही किडे मेले. मी म्हणालो, "झालं तर! आता गोळी घ्या." त्यांनी मान हलवली. एकदा झालं तर योगायोग असेल, अजून एकदा पाहिलं पाहिजे. तिसऱ्या तापापर्यंत त्यांचे डोळे पिवळे झाले होते, गालफडं बसली होती आणि पाण्याचा पेला त्यांच्या हातात राहत नव्हता. पाहुणे गुटगुटीत होते आणि यजमान चालले होते. मी रागावलो, हातापाया पडलो, डॉक्टरसाहेबांना कळवीन अशी धमकी दिली. शेवटी मला काही सुचेना, तेव्हा मी सरळ तलावाकडे गेलो.

गिरजाबाई जाळ्याच्या गाठी मारत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं. म्हशीचं, बाटलीचं, पाव मापाचं आणि उशीखालच्या गोळ्यांचं. ती ऐकत होती की नाही तेही मला कळलं नाही. तिने एकदाही मान वर केली नाही. मी गप्प झाल्यावर ती म्हणाली, "शाळेची घंटी झाली ना, मास्तर?" मी परत आलो.

शाळा सुटल्यावर बोरकुट्यांकडे गेलो, तर गिरजाबाई दारात उभी. हातात पेजेचं गाडगं होतं. बोरकुटे तिला पाहून उठून बसायला लागले, पण एका हाताने बाटल्या सांभाळायच्या आणि एका हाताने उठायचं हे त्यांना जमेना. ती आत आली, गाडगं त्यांच्याजवळ ठेवलं आणि तीन वर्षांनी पहिलं वाक्य बोलली.

"भाऊ, कुनैन खा. तू मेला त माह्या वगारीले औषध कोन देईन?"

बोरकुट्यांनी उशीखालून गोळी काढली आणि गुळाच्या खड्यासारखी चावून खाल्ली.

ते बरे व्हायला पंधरा दिवस लागले. त्यातले शेवटचे आठ दिवस ते घोंगडी पांघरून गिरजाबाईच्या अंगणात जात आणि वगारीला कोंडा, गूळ आणि चुन्याची निवळी खाऊ घालत. या वेळी उपाशी जनावराला औषध द्यायचं नव्हतं. मग एका सकाळी पाव माप बांबूच्या नळीत घेतलं. नळी त्यांनी माझ्या हातात दिली. गिरजाबाईने वगारीचं तोंड वर केलं. औषध गेलं.

त्यानंतर बोरकुटे वगारीसमोर जमिनीवर बसले ते दिवसभर उठले नाहीत. दर थोड्या वेळाने तिच्या कानाला हात लावून बघायचे. दुपारी वगारीने खाली मान घातली, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मला तिथे बसवत नव्हतं आणि उठून जाववतही नव्हतं. ऊन कलल्यावर वगारीने मान वर केली, समोर बसलेल्या माणसाकडे पाहिलं आणि रवंथ करायला लागली. बोरकुटे लहान मुलासारखे रडले. मीही रडलो, पण मास्तर असल्यामुळे तोंड फिरवून.

"ऊठ आता, जेव," गिरजाबाई म्हणाली. मासे शिजणाऱ्या त्या घरात तिने त्या दिवशी त्यांच्यासाठी वेगळ्या मडक्यात लाखोळीचं वरण रांधलं होतं.

अजून दोन वेळा पाव पाव माप झालं. महिनाभरात वगारीच्या गळ्याखालची थैली गेली, अंगावर तुकतुकी आली. गावाने याचं सगळं श्रेय देवीला दिलं, कारण गिरजाबाईने नवसही बोललेला होता. नवस फेडायला बकरी कापली, तेव्हा बोरकुटे सवयीने कलेजी पाहायला आले. तिच्यात तीन किडे निघाले, चांगले लांबरुंद. त्यांनी ते तळहातावर घेतले, थोडा वेळ पाहिले आणि परत पानावर ठेवून दिले. काम संपलं होतं. डाव्या बाटलीतले शेवटचे दोघे एकोणीस दिवस जगून आपल्या मरणाने गेले होते, आणि त्यांना बोरकुट्यांनी दवाखान्याच्या कुंपणाशी पुरलं होतं. बाटल्या धुऊन फळीवर गेल्या. थर्मामीटर पुसून माझ्या हातात आला. पोटाचा पट्टा सुटला.

चाल मात्र तिरपीच राहिली. उजवा हात अजूनही पोटावर जायचा, तिथे काही सापडायचं नाही, आणि मग त्या हाताचं काय करावं ते त्यांना समजायचं नाही. बाजाराच्या वेशीवर संपत खाटीक काही शुक्रवार पुडा घेऊन उभा राहिला, मग त्यानेही सोडून दिलं. विहिरीवर आता कुणी महिना विचारत नव्हतं.

पुन्हा दसरा आला. सगळं गाव रस्त्यावर, जो तो ज्याच्या त्याच्या गळ्यात. समोरून बोरकुटे आले. मी त्यांच्या हातावर लांबूनच पान ठेवलं, हात जोडले आणि पुढे गेलो.

दहा-बारा पावलांवर एकाची मिठी सोडवताना मी सहज मागे पाहिलं. बोरकुटे रस्त्याच्या मधोमध उभे होते. काळ्या कोटाची सगळी बटणं त्यांनी सोडून ठेवली होती. दोन्ही हात अंगापासून थोडे बाजूला धरले होते, म्हणजे पोटाशी काही नाही हे कुणालाही दिसावं. लोक येत होते, हात लांब करून पान ठेवत होते, अदबीने वाकत होते आणि दुसऱ्याच्या गळ्यात पडायला जात होते. तीन वर्षं त्यांनीच गावाला हे वळण लावलं होतं, आणि गाव ते विसरलं नव्हतं. आत्ता मीही तेच करून आलो होतो. मला माझी फार लाज वाटली.

मी परत गेलो.

"काय विसरले, मास्तर?" त्यांनी विचारलं. मग आपणच हळू म्हणाले, "आज पोटाशी पावने नाईत."

मी हात पसरले आणि त्यांना मिठी मारली. त्यांनीही मारली. रीतीप्रमाणे मी दोन क्षणांनी हात सैल केले, पण त्यांनी काही मला सोडलं नाही. आमच्या दोन्ही बाजूंनी गाव पानं वाटत चाललं होतं. मीही मग घाई केली नाही. थर्मामीटर शाळेच्या कपाटात होता, त्यामुळे नक्की आकडा सांगता येणार नाही. पण कमी काही नव्हतं.